ब्रायडल्ड की सूटी? पावसाळ्यात किनाऱ्यावर आलेला सुरय ओळखताना

जून ते ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस जोराचा वारा सुटला की कोकणच्या वाळूवर थकून बसलेला, वरून काळपट नि खालून पांढरा सुरय (इंग्रजीत टर्न, एक समुद्रपक्षी) सापडू शकतो. अशा वेळी दोन नावं डोळ्यांसमोर ठेवा : ब्रायडल्ड टर्न आणि सूटी टर्न. ब्रायडल्ड वेंगुर्ल्याच्या खडकांवर वीण करतो, सूटी लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर. पण वारा दोघांनाही किनाऱ्याला आणून टाकतो, त्यामुळे ‘आपल्याकडचा म्हणजे ब्रायडल्डच’ असं गृहीत धरू नका.

सुरुवात कपाळापासून करा. ब्रायडल्डच्या कपाळावरचा पांढरा पट्टा अरुंद असतो आणि डोळ्याच्या मागेपर्यंत भुवईसारखा ओढलेला असतो. सूटीचं पांढरं कपाळ रुंद असतं, पण ते डोळ्यापाशीच संपतं. फोटो अगदी बाजूने, डोळ्यावर फोकस करून घ्या. समोरून घेतला तर भुवईची लांबी कळत नाही.

मग मान बघा. ब्रायडल्डची टोपी काळी, पाठ राखी-तपकिरी आणि दोन्हींच्या मध्ये फिकट कॉलर. सूटी टोपीपासून शेपटीपर्यंत सलग काळा. घोटाळा होतो तो इथेच. पिसं भिजली की कॉलर दबते, सूर्य पक्ष्यामागे असला की ब्रायडल्डही काळाच दिसतो, आणि झिजलेल्या पिसांचा सूटी तपकिरी दिसतो. म्हणून नुसत्या पाठीच्या रंगावर नाव ठरवू नका.

पिल्लू असेल तर काम सोपं. सूटीचं पिल्लू गळ्या-छातीसकट काजळी असतं, पाठीवर पांढरे ठिपके. ब्रायडल्डचं पोटाकडे पांढरंच, पाठीच्या पिसांना फिकट कडा, त्यामुळे पाठ खवल्यांची वाटते.

उडताना पंखाची खालची बाजू बघा : सूटीची उड्डाणपिसं गडद, पुढचा भाग पांढराशुभ्र, मधली सीमा ठळक. ब्रायडल्डमध्ये ती पुसट. ब्रायडल्डची लांबी ३०–३२ सेंमी, सूटीची ३३–३६ सेंमी. दोघं शेजारी नसतील तर हा फरक नजरेला कळत नाही.

फोटो एका मिनिटात आटपा. पक्षी टॉवेलने हळूच उचलून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. परत समुद्रातही सोडू नका : सूटीची पिसं पाण्यात लवकर भिजतात, आणि थकलेल्या पक्ष्याला पाण्यावरून उठता येत नाही. लगेच वनविभागाला कळवा. नोंदीत तारीख, किनारा, वाऱ्याची दिशा आणि कपाळाचा तो बाजूचा फोटो असू द्या.