टू नाइट्स डिफेन्स : काळ्याने या चुका टाळाव्यात

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६. ही बुद्धिबळातली टू नाइट्स डिफेन्स, म्हणजे काळ्याने दोन्ही घोडे बाहेर काढण्याची सुरुवात (× म्हणजे मारणे, तीन टिंबांनंतरची खेळी काळ्याची). इथवर सगळे सुरळीत असते. मग पांढरा ४. घोडा जी५ खेळतो आणि एफ७ वर उंट व घोडा दोघांचा नेम बसतो. त्या प्याद्याची राखण एकटा राजा करत असतो.

४...डी५ ही खेळी बरोबरच आहे, उंटाची वाट अडते. घोळ होतो तो पुढच्या खेळीला. ५. ई×डी५ झाल्यावर हात आपोआप ५...घोडा×डी५ कडे जातो. मग ६. घोडा×एफ७ राजा×एफ७ ७. वजीर एफ३ शह. शहही आणि डी५च्या घोड्यावर माराही. ७...राजा जी८ केले तर ८. उंट×डी५ शह वजीर×डी५ ९. वजीर×डी५ शह उंट ई६ १०. वजीर×ई६ मात. म्हणून राजा ई६वर आणावा लागतो. त्यावर ८. घोडा सी३, म्हणजे जखडलेल्या (हलला तर राजाला शह बसेल अशा) घोड्यावर तिसरा मारा. हाच ‘फ्राइड लिव्हर’ हल्ला. काळ्याकडे एक मोहरा जास्त असतो खरा, पण राजा पटाच्या मध्यावर उघडा. संगणक तिथे झुंजेल. घड्याळ टिकटिकत असताना माणसाने त्या फंदात पडू नये.

त्याऐवजी ५...घोडा ए५, म्हणजे पोलेरिओ बचाव. घोडा काठावर नको, हा धडा इथे गुंडाळून ठेवा. ६. उंट बी५ शह सी६ ७. डी×सी६ बी×सी६ ८. उंट ई२ एच६ ९. घोडा एफ३ ई४ १०. घोडा ई५ उंट डी६. काळ्याचे एक प्यादे कमी, पण पांढऱ्याचे मोहरे पळापळीत आणि काळ्याचे पटापट बाहेर. ते प्यादे लगेच वसूल करायला धावू नका. ए५चा घोडा मात्र विसरला जातो. बी७ मोकळे झालेले असते, सवड मिळताच तिकडून परत आणा.

४...घोडा×ई४ मागे ५. घोडा×ई४ डी५ असा दुहेरी हल्ल्याचा डाव असतो. पण पांढरा ५. उंट×एफ७ शह देतो, राजा ई७वर येतो आणि किल्लेकोट (राजा हत्तीच्या आडोशाला नेण्याची खेळी) कायमचा गेला.

घोडा जी५ची भीती वाटते म्हणून ३...एच६ खेळणे म्हणजे एक खेळी वाया घालवणे. पांढरा डी४ करून मधली घरे बळकावतो. ही गुंतागुंत नकोच असेल तर ३...उंट सी५ खेळा. मग ४. घोडा जी५ ला वजीर×जी५, घोडा फुकट.