आरएक्स १०० बघायला निघताना: इंजिन मूळचंच आहे का?

जळगाव-धुळ्याकडे यामाहाची जुनी आरएक्स १०० मोटरसायकल विकणारा पहिलं वाक्य हेच टाकतो, “नंबर मॅचिंग शे भो,” म्हणजे इंजिन-चेसिसचे नंबर कागदाशी जुळतात. ते खरं असलं तरी अर्धंच खरं असू शकतं. म्हणून पिशवीत डिझेलची छोटी बाटली, नायलॉनचा ब्रश, चिंध्या, टॉर्च, भिंग, पातळ कागद, मऊ पेन्सिल, स्टीलची पट्टी, लोहचुंबक आणि व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) घ्या. तारेचा ब्रश घरीच ठेवा. इंजिनाचा नंबर जिच्यावर असतो ती क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) अ‍ॅल्युमिनिअमची, आकडेच खरवडले जातात.

आधी कागद. गाडी १९८५ ते १९९६ या काळातली असणार. हिच्या इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर एकच असतो, सुरुवात ‘१एल१’ने. आरसीवर दोन वेगळे नंबर दिसले तर जुनं कागदी आरसी बुक मागा. स्मार्ट कार्ड करताना एखादा आकडा चुकलेलाही असतो. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण झालंय का, बँकेचा बोजा उतरलाय का, गाडी सुरत किंवा बुऱ्हाणपूरकडची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आहे का, हे चहा येईपर्यंत बघून होतं.

गाडी सकाळी बघा. मे महिन्यात दहानंतर उन्हातल्या इंजिनाला हात लावता येत नाही, शिवाय तिरप्या उन्हात आकडे उठून दिसतात. केळीच्या बागेत राबलेल्या गाडीवर तेल-मातीचा थर असतो. त्यावर डिझेल लावून दहा मिनिटं थांबा, मग ब्रश. कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. नंबराच्या जागेवर पट्टी उभी धरा. खालून उजेड आला तर तिथे घासकाम झालंय. ३ चा ८, १ चा ७ केलेला भिंगात कळतो: जोडलेल्या रेघेची कड ताजी, खाचेत मळ नाही. पण आकडे थोडे वरखाली आहेत एवढ्यावरून गाडी नाकारू नका, कंपनीचा ठसाही अगदी सरळ रेषेत नसतो. चेसिसचा नंबर हँडलखालच्या नळीवर. तिथे लोहचुंबक फिरवा. जिथे पकड सुटते तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली.

आता खरी मेख. क्रँककेस डावी-उजवी अशा दोन भागांची, नंबर मात्र एकाच भागावर. दुसरा भाग भंगारातून आणलेला असला तरी नंबर जुळतोच. दोन्ही भाग कारखान्यात जोडीने मशीन केलेले असतात. जोडी फुटली की बेअरिंगची रेघ चुकते, क्रँक घासते, जोडातून तेल पाझरतं. दोन्हीकडच्या धातूचा रंग, जुनेपणा आणि जोडावरचा सीलंट नीट बघा.

ब्लॉकवर (पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर) तर नंबर नसतोच. याच कंपनीच्या मोठ्या आरएक्स १३५चा ब्लॉक चढवणं इथे सर्रास चालतं. दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ५० मिलिमीटरच, त्यामुळे प्लगच्या भोकातून काडी घालून काहीही कळत नाही. मालकाची परवानगी घेऊन, इंजिन थंड असताना हेड (ब्लॉकवरचं झाकण) उघडा. मूळ बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ५० मिलिमीटर; ५०.२५ ते ५१ म्हणजे रीबोअर (झिजल्यावर मोठं केलेलं भोक), ते चालेल. ५८ भरला तर ब्लॉक १३५चा. गिअरही मोजा: चारच हवेत.

एकदा उघडलेल्या हेडला जुनी गॅस्केट (जोडातली पातळ चकती) परत लावली की कॉम्प्रेशन फुसकन निघून जातं. तेव्हा नवी गॅस्केट निघतानाच पिशवीत टाका, गावात मिळेल या भरवशावर राहू नका.