बाजेएवढा वाफा: होळीच्या आत परसबाग कशी लावावी

"होळी जळाली, थंडी पळाली" ही म्हण विदर्भात तंतोतंत लागू पडते. पळस फुलतो, आंब्याला मोहर येतो, सकाळचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. आणि मग बघता बघता पारा चाळिशीला टेकतो. आमच्याकडचा वसंत एवढाच. म्हणून परसात भाजी लावायची असेल तर महाशिवरात्रीला कुदळ हातात घ्या आणि होळी पेटायच्या आत बी मातीत जाऊ द्या. पाडव्यानंतर पेरलेलंही उगवतं, पण मुळं खोल जायच्या आत त्याला ऊन गाठतं.

पहिल्या वर्षी मी मागची अख्खी सांदवाडी (परसातली जागा) खणून काढली होती. शेजारच्या काकू कुंपणावरून बघत म्हणाल्या, "काय व, भाजी लावतं का वावर पेरतं?" एप्रिलात नळ दिवसाआड यायला लागला तेव्हा त्यांचं म्हणणं कळलं. हंडे वाहून कंबर धरली आणि शेवटी भेंडीची बारा झाडं हाती लागली. तेव्हापासून माझं माप ठरलेलं आहे. एक वाफा म्हणजे एक बाज (खाट): सहा फूट लांब, तीन फूट रुंद. दोन्ही बाजूंनी हात पोचतो, आत पाय द्यावा लागत नाही. भर उन्हाळ्यात एका बाजेला रोज साधारण एक बादली पाणी लागतं. तुमच्याकडे वापरून किती बादल्या उरतात ते आधी मोजा, तेवढ्याच बाजा आखा. नवखे असाल तर दोन पुरेत.

जागा

घराच्या पूर्वेची बाजू सगळ्यांत चांगली. सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी तीननंतर भिंतीची सावली येते. पश्चिमेचीच जागा असेल तर वाफ्याच्या पश्चिम कडेला दोडक्याचा मांडव उभा करा, तोच पुढे सावली धरतो. मांडवाला आणि कुंपणाला तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) वापरा. पऱ्हाट्याही (कपाशीच्या काड्या) चालतात, पण वाळलेली बोंडं झाडून जाळल्याशिवाय त्या घराजवळ आणू नका. बोंडअळी त्यातच दडून बसते आणि पुढच्या हंगामात वावरात जाते. कुंपण मात्र बी टाकायच्या आधी झालं पाहिजे. बकरीला तुमच्यापेक्षा जास्त घाई असते.

माती

काळी माती कोरडी असताना खणली तर नुसती ढेकळं निघतात, ओली खणली तर चिखल होतो. एका संध्याकाळी पाणी शिंपडा, एक-दोन दिवसांनी वाफसा आला, म्हणजे माती ना ओली ना कोरडी अशी झाली, की वीतभर खोल खणा. एका बाजेला दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं जाडी वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. खत हातात घेतल्यावर चहापत्तीसारखं मोकळं लागलं पाहिजे, शेणाचा वास येता कामा नये. कच्चं शेण टाकलं की वाळवी आणि हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) लागते.

पुस्तकात पाहून बरेच जण उंच गादीवाफा करतात. तो पावसाळ्यासाठी. आत्ता वाफा उलट करायचा, जमिनीपेक्षा चार बोटं खोलगट आणि भोवती बोटभर उंच वरंबा (मातीचा बांध). उंच वाफ्याला चारही बाजूंनी झळ लागते, खोलगट वाफ्यात दिलेलं पाणी तिथंच मुरतं.

काय लावायचं

भेंडी, गवार, बरबटी (चवळीच्या शेंगा), ढेमसं (टिंडा), दोडकं, काकडी, चवळाई (माठासारखी पालेभाजी) आणि चिवळ (घोळीसारखी बारीक पानांची भाजी). ही मंडळी उन्हाला घाबरत नाहीत. पालक आणि सांबार (कोथिंबीर) अगदी आत्ताच टाकलं तर एक-दोन तोडे मिळतात, मग सांबार फुलावर येतं. टोमॅटोच्या मोहात पडू नका. रोपवाटिकेत रोपं मिळतात, वाढतातही छान, पण दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की फुलं गळतात. हिवाळ्यातली वांग्याची झाडं उभी असतील तर उपटू नका. वीतभर ठेवून छाटा, बुडाशी खत द्या, पुन्हा फुटतात आणि वांगी देतात.

भेंडीचं बी रात्रभर भिजवून एका ठिकाणी दोन-दोन टोचा, दोन रोपांत वीतभर आणि दोन ओळींत हातभर अंतर. 'परभणी क्रांती' हा वाण मागा, पानं पिवळी करणाऱ्या केवडा रोगाला तो बराच दाद देत नाही. गवारीत 'पुसा नवबहार' चांगली. भेंडी दीड महिन्यात तोडायला येते, दोडकं दोन महिन्यांच्या आसपास. ढेमसं आणि काकडी वाफ्याच्या कडेला लावा, वेल बाहेर पळू द्या.

चिवळीचं बी खसखशीहून बारीक. मूठभर कोरडी वाळू मिसळून फेकायचं, वरून माती ओढायची नाही, फक्त हातानं दाबायचं आणि झारीनं पाणी द्यायचं. महिन्याभरात कापणीला येते. पेरलेल्या वाफ्यावर बाभळीच्या दोन-चार काटेरी फांद्या आडव्या टाका. कोंबड्यांना दुसरी भाषा कळत नाही.

पाणी आणि कुटार

पाणी पहाटे किंवा सूर्य बुडताना. दुपारी तापलेल्या टाकीतलं पाणी घातलं तर मुळं पोळतात. रोपं चार पानांची झाली की मधल्या जागेत तीन बोटं जाड कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरा. सोयाबीनचं असो की गव्हाचं, ओल टिकते आणि काळ्या मातीला भेगा पडत नाहीत. एवढं एक काम केलंत तरी पाण्याचे निम्मे हाल वाचतात.

वेलांसाठी माठ पुरण्याची युक्ती आहे. गळ्यापर्यंत पुरलेला माठ भरून वर झाकण ठेवायचं, पाणी भिंतींतून झिरपतं आणि मुळं त्याच्याकडे येतात. घरात जुना, पाणी थंड न करणारा माठ असेल तर त्याची छिद्रं बुजलेली असतात, तो झिरपत नाही. त्याच्या बुडाला खिळ्यानं बारीक भोक पाडा आणि कापसाची वात घट्ट बसवा. न्हाणीचं साबणाचं पाणी पालेभाजीला नको, त्यावर केळ जगवा.

कीड

काकडी-दोडक्याच्या कोवळ्या पानांवर लाल भुंगे बसतात. सकाळी दव असताना चुलीची राख चाळून भुरभुरवा. बरबटीवर मावा दिसला तर निंबोळी अर्क: मागच्या वर्षी वाळवलेल्या ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. भेंडीचं एखादं झाड पिवळं जाळीदार झालंच तर दया दाखवू नका, उपटून जाळा.

आणि थोडं बसायचंही

बाग लावली की सकाळचा पहिला चहा घरात पिणं बंद करा. कप घेऊन वाफ्याभोवती एक फेरी. अळी, सुकलेलं पान, फुटलेला वरंबा हे सगळं याच फेरीत दिसतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. पक्ष्यांसाठी मातीचं परळ भरून ठेवा, पण वाफ्यापासून लांब, आणि पाणी रोज बदला, नाहीतर डासच पाळाल. धुळवडीच्या आदल्या रात्री पोरांना पळसाची फुलं वेचून पाण्यात घालायला सांगा, सकाळी केशरी रंग तयार. वावरातल्या गव्हाच्या ओंब्या भाजून खायचेही हेच दिवस.

पहिली चिवळ कापली की चार-पाच पाण्यांत धुवा, वाळू कुठं कुठं लपलेली असते. भिजवलेली मूगडाळ, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, तेल थोडं सढळ. झाकण ठेवून पाच-सात मिनिटं. ज्वारीच्या भाकरीबरोबर हे जेवण संध्याकाळी अंगणात, बाज टाकून.

भेंडीच्या एका निरोगी झाडावरच्या दोन शेंगा तोडू नका. मे महिन्यात त्या झाडावरच वाळून तडकतील. बी राखेत घोळवून डबीत ठेवा, मृगाच्या पावसाला तेच लावायचं आहे. आणि तेव्हा वाफा उंच करायला विसरू नका.