लहान जहाजाने अंटार्क्टिका: सफर निवडण्यापासून बर्फावर उतरण्यापर्यंत

अंटार्क्टिकाच्या सफरीची चौकशी करणारे बहुतेक जण आधी दर विचारतात आणि मग केबिनला खिडकी आहे का, हे पाहतात. माझ्या मते पहिला प्रश्न जहाजावर एकूण प्रवासी किती, हा असायला हवा, कारण बर्फावर प्रत्यक्ष किती वेळ उभे राहायला मिळणार हे त्या एका आकड्यावर ठरते. अंटार्क्टिकात सफरी नेणाऱ्या कंपन्यांची आयाटो ही संघटना १९९१ साली स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार पाचशेपेक्षा अधिक प्रवासी असलेल्या जहाजावरून कोणालाही किनाऱ्यावर उतरवले जात नाही, उतरण्याच्या एका ठिकाणी एका वेळी एकच जहाज थांबते, किनाऱ्यावर एकाच वेळी शंभराहून अधिक प्रवासी असू शकत नाहीत आणि दर वीस प्रवाशांमागे किमान एक गाईड लागतो.

यावरून हिशेब सरळ होतो. जहाजावर नव्वद-शंभर प्रवासी असतील, तर सगळे एकदम उतरतात आणि दोन-अडीच तास निवांत मिळतात. प्रवासी एकशे ऐंशी असतील, तर दोन तुकड्या पडतात. एक तुकडी किनाऱ्यावर असताना दुसरी रबरी बोटीतून हिमनगांमध्ये फिरते आणि मग अदलाबदल होते. बोटीतली फेरी कमी प्रतीची असते असे मुळीच नाही, परंतु पेंग्विनांच्या वसाहतीशेजारी शांतपणे उभे राहण्याचा वेळ मात्र निम्मा होतो. पाचशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाचे तिकीट स्वस्त वाटले, तरी त्यात अंटार्क्टिका फक्त डेकवरून दिसते, हे पैसे भरण्यापूर्वी माहीत असलेले बरे. लहान जहाजाचीही एक उणी बाजू आहे: ते खवळलेल्या समुद्रात अधिक डुलते. ज्यांना हे सोसवणार नाही, त्यांनी दीडशे-दोनशे प्रवाशांचे, डुलणे कमी करणारे स्थिरक बसवलेले नवे जहाज निवडावे. त्यात काहीही गैर नाही.

दुसरी गोष्ट जाहिरातीतल्या दिवसांची. नेहमीची सफर अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआया या बंदरातून निघते, बीगल खाडीतून बाहेर पडून दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी ओलांडते आणि साउथ शेटलंड बेटे व अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर फिरून परत येते. ड्रेक ओलांडायला जाताना सुमारे दोन दिवस आणि येताना दोन दिवस लागतात. शिवाय पहिल्या दिवशी जहाज संध्याकाळी सुटते आणि शेवटच्या दिवशी सकाळीच प्रवासी उतरवले जातात, त्यामुळे ‘अकरा दिवसां’च्या सफरीत उतरण्याचे दिवस जेमतेम पाच असतात. कार्यक्रमपत्रिका हाती घेऊन हे दिवस स्वतः मोजावेत आणि दोन कंपन्यांच्या दरांची तुलना त्याच आकड्यावर करावी. चिलीतील पुंता अरेनासहून साउथ शेटलंडमधल्या किंग जॉर्ज बेटावर विमानाने जाऊन तिथे जहाजात बसण्याचीही सोय आहे. त्यात ड्रेक टळते, पण हवामान बिघडले की विमान अडकते आणि सफरीचेच दिवस खर्ची पडतात. ज्यांच्याकडे अठरा-वीस दिवस आहेत आणि खर्च झेपणार आहे, त्यांनी साउथ जॉर्जिया बेटाचा समावेश असलेली सफर घ्यावी, कारण राजा पेंग्विनांच्या अफाट वसाहती तिथेच आहेत. द्वीपकल्पावर प्रामुख्याने जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अडेली या तीन जातींचे पेंग्विन दिसतात. सम्राट पेंग्विन दिसतील अशी आशा धरून या सफरीवर जाऊ नये.

आपल्याकडील अनेकांना भारताचे तळ पाहायला मिळतील असे वाटते. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली, जानेवारी १९८२ मध्ये तिने अंटार्क्टिकावर पाऊल ठेवले आणि आजही या संशोधनाची मुख्य संस्था वास्को-द-गामा येथे आहे, त्यामुळे ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु मैत्री आणि भारती हे तळ खंडाच्या पूर्व भागात, द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटर दूर आहेत आणि पर्यटकांच्या जहाजांच्या मार्गात येत नाहीत.

महिना कोणता निवडावा

हंगाम साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत चालतो. नोव्हेंबरात बर्फ स्वच्छ असतो आणि पेंग्विन चोचीत खडे आणून घरटी रचत असतात. मात्र काही खाड्या अजून गोठलेल्या असल्याने जहाजाला आत शिरता येत नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीपर्यंत पिल्ले बाहेर येतात आणि रात्र जवळजवळ होतच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक देवमासे मोठ्या संख्येने दिसतात, पण तोवर वसाहती विष्ठेने माखलेल्या असतात आणि त्यांचा वास वाऱ्यावर पार जहाजापर्यंत येतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने जानेवारी धरावा. देवमाशांची ओढ असेल, तर बेलाशक फेब्रुवारी.

साहसी उपक्रम

बोटीतल्या फेऱ्या आणि किनाऱ्यावरच्या चाली दरात धरलेल्या असतात. कयाकिंग (एक-दोन जणांची चिंचोळी होडी वल्हवणे) आणि बर्फावरचा मुक्काम यांना बहुधा वेगळे पैसे पडतात, जागा थोड्या असतात आणि त्या सफरीच्या आरक्षणाबरोबरच संपतात, म्हणून ‘जहाजावर गेल्यावर बघू’ असे म्हणू नये. कयाकिंगसाठी पोहता येणे आणि आधीचा थोडा अनुभव अपेक्षित असतो. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या शांत खाडीत जाणकाराच्या देखरेखीखाली काही वेळा कयाक चालवून, विशेषतः ती उलटल्यावर पाण्याखालून बाहेर कसे यायचे हे शिकून जावे. तिथले पाणी शून्य अंशाच्या आसपास असते आणि पाणी आत न येऊ देणारा पोशाख अंगात असला, तरी गोंधळून चालत नाही. मुक्कामाच्या रात्री बर्फात खणलेल्या खड्ड्यात, झोपेच्या पिशवीत पडून राहायचे असते. तिथे स्वयंपाक नाही, खाणे नाही आणि नैसर्गिक विधीसाठी नेलेले भांडे परत जहाजावर आणायचे असते. बर्फगार पाण्यात उडी मारण्याच्या कार्यक्रमात कमरेला दोर बांधतात आणि डॉक्टर शेजारी उभे असतात, तरीही हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

कागदपत्रे

भारतीय प्रवाशाला अंटार्क्टिकाचा व्हिसा लागत नाही, अर्जेंटिनाचा सहसा लागतो. त्या देशाची वकिलात मुंबईतही आहे. जहाज अर्जेंटिनातून बाहेर जाऊन परत येणार असल्याने एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा मागणे शहाणपणाचे ठरते. भारतात २०२२ साली अंटार्क्टिका कायदा झाला आहे. त्या अनुषंगाने आपली जहाज कंपनी अंटार्क्टिका करारात सामील असलेल्या कोणत्या देशाच्या परवानगीने सफर नेते, हे तिच्याकडून लेखी घ्यावे. पीतज्वराची लस हा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा विषय आहे. अर्जेंटिना आणि ब्राझील हे दोन्ही देश भारताच्या पीतज्वराच्या यादीत असल्याने परतताना लशीचे प्रमाणपत्र लागते. लस केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रावरच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य होते. साठीच्या पुढच्या व्यक्तींनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

विम्यात ‘अंटार्क्टिका’ हा शब्द छापलेला असला पाहिजे. तिथे रुग्णालय नाही. गंभीर रुग्णाला हलवण्यासाठी जहाज माघारी वळवावे लागते किंवा किंग जॉर्ज बेटावरून विमान मागवावे लागते आणि हा खर्च सर्वसाधारण परदेश-विम्यात बसत नाही. कयाकिंग करणार असाल, तर तेही पॉलिसीत आहे का, हे तपासावे.

बुएनोस आइरेसमध्ये आंतरराष्ट्रीय विमाने बहुतेक एझेइझा विमानतळावर उतरतात, तर उशुआयाची अनेक विमाने शहरातल्या एरोपार्क विमानतळावरून सुटतात. या दोहोंमध्ये भर गर्दीत तासाहून अधिक वेळ जातो. जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून उशुआयाला किमान एक आणि शक्यतो दोन दिवस आधी पोहोचावे.

कपडे आणि सामान

तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे सफरींच्या हंगामात, द्वीपकल्पावरचे तापमान शून्याच्या थोडे खाली-वर असते. लडाखच्या हिवाळ्यातली कडाक्याची थंडी इथे नसते. त्रास होतो तो वारा आणि ओल यांचा. अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर पाणी आत न येऊ देणारे जाकीट व विजार, असे तीन थर पुरतात. सुती बनियन आणि मोजे घरीच ठेवावेत, कारण सुती कापड घाम धरून ठेवते आणि मग अंग गार पडते. पार्का (टोपी असलेले जाड जाकीट) आणि रबरी बूट बहुतेक कंपन्या देतात. पाणीरोधक विजार मात्र स्वतःची न्यावी लागते आणि तिथे काटकसर करू नये, कारण बोटीत आपण तिच्यावरच बसतो. ताण न पडता सैल उतरेल अशी विजार बुटांच्या वरून घालायची असते. हातमोज्यांचे दोन थर, काळा चष्मा, सनस्क्रीन आणि कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, एवढे पुरे. ड्रोन नेऊ नये. पर्यटकांना ते उडवता येत नाही.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. आपल्या सॅकच्या वेल्क्रोमध्ये, मोज्यांच्या विणीत आणि ट्रायपॉडच्या सांध्यांत मागच्या ट्रेकची कुसळे अडकलेली असतात. अंटार्क्टिकात मूळच्या फुलणाऱ्या वनस्पती केवळ दोन आहेत. असे असताना माणसांबरोबर आलेल्या एका परक्या गवताने किंग जॉर्ज बेटावर मूळ धरले आहे. निघण्यापूर्वी घरी उजेडात बसून चिमट्याने एकेक कुसळ काढावे, खिसे उलटे करून झटकावेत आणि बुटांचे तळ ब्रशने घासावेत. जहाजावर किनाऱ्यावर उतरण्याआधी व्हॅक्यूमने पुन्हा साफसफाई करवून घेतात, ती कंटाळवाणी वाटली तरी मनापासून करावी.

शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असल्यास आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे, कारण जहाज सुटल्यावर भाजी मिळण्याची सोय नाही. घरचा चिवडा केबिनमध्ये चालतो; किनाऱ्यावर खाण्याचा कणही नेता येत नाही. चिलीमार्गे जात असाल, तर त्या देशाचे बियाणे, फळे आणि सुकामेवा यांबाबतचे नियम अतिशय कडक आहेत; जवळ असेल ते सर्व जाहीर करावे.

ड्रेक ओलांडताना

ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांना इथे बोट लागेल असे धरूनच चालावे. गोळी पोटात ढवळू लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. बीगल खाडीच्या शांत पाण्यात असतानाच ती घ्यावी आणि कोणती घ्यायची हे घरून निघतानाच डॉक्टरांना विचारून ठेवावे. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन सर्वांत कमी हलते आणि तीच बहुधा स्वस्त असते. चालताना एक हात नेहमी कठड्यावर ठेवावा. दाराच्या चौकटीत किंवा कडेवर बोटे कधीही ठेवू नयेत, दाराची मूठच धरावी. जहाज कलले की जड दार आपटते आणि बोटे चिरडतात. या दोन दिवसांत डेकवर जाऊन अल्बाट्रॉस पाहावेत. पंख न हलवता ते लाटेच्या उतारावरून वाऱ्याच्या आधाराने वर येतात आणि तासन्‌तास जहाजामागे राहतात.

बोटीत आणि किनाऱ्यावर

रबरी बोटीत उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. बोटीतल्या माणसाचा तळहात धरायचा नाही. त्याने आपला आणि आपण त्याचा हात मनगटाच्या वर धरायचा, म्हणजे ओल्या हातमोज्यांतून पकड सुटत नाही. आधी बोटीच्या फुगीर कडेवर पाऊल, मग आत, मग लगेच बसायचे आणि बसूनच सरकत जायचे. किनाऱ्यावर उतरताना पाय बोटीच्या मागच्या टोकाकडे वळवून पाण्यात टाकायचे असतात. गाईड हात वर करून थांबा म्हणाला, तर लाट येत आहे असे समजावे.

पेंग्विनांपासून किमान पाच मीटर आणि फर सीलपासून पंधरा मीटर अंतर ठेवायचे असते. पेंग्विन स्वतःहून जवळ आला, तर स्तब्ध उभे राहावे. बर्फात त्यांच्या येण्याजाण्याच्या खोलगट वाटा दिसतात. त्या ओलांडायच्या असल्यास थांबून त्यांना आधी जाऊ द्यावे. आपला पाय बर्फात गुडघ्यापर्यंत रुतला, तर पुढे जाण्यापूर्वी तो खड्डा बुजवावा, कारण आपल्यासाठी क्षुल्लक असलेल्या त्या खड्ड्यात पडलेला पेंग्विन वर येऊ शकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्ड फ्लूचा अत्यंत संसर्गजन्य प्रकार अंटार्क्टिक खंडावर आढळल्याचे निश्चित झाले. या रोगामुळे किनाऱ्यावर बसणे, गुडघे टेकणे, आडवे पडणे आणि पिशवी जमिनीवर ठेवणे यांस मनाई आहे. छायाचित्रासाठी खाली वाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. जहाजावर परतल्यावर बूट घासून जंतुनाशकाच्या टबात बुडवावेत.

ठरलेले ठिकाण हमखास मिळेल असे नाही. लेमेअर खाडी हिमनगांनी अडलेली असू शकते, डिसेप्शन बेटाच्या अरुंद तोंडातून आत शिरणे वाऱ्यामुळे रद्द होऊ शकते आणि असा निर्णय मोहीमप्रमुख व कप्तान अनेकदा सकाळीच घेतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नये. दुसरे ठिकाण शोधण्यात त्यांचा अनुभव आपल्या कामी येत असतो.

परतीचे मुंबईचे विमान जहाज बंदराला लागते त्याच दिवशीचे घेऊ नये. ड्रेकमध्ये अर्धा दिवस उशीर होणे नेहमीचे आहे. लशीचे पिवळे प्रमाणपत्र पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत ठेवावे. ते दाखवता आले नाही, तर विमानतळावरील आरोग्य अधिकारी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.