टेंपरेचरचा काटा खोटं बोलतोय? सेंडर आधी पातेल्यात तपासा

जुन्या गाडीत नव्या बनावटीचा टेंपरेचर सेंडर (इंजिनचं तापमान डॅशबोर्डवरच्या काट्याला कळवणारा भाग) बसवला की कधी कधी इंजिन गार असूनही काटा लालकडे झुकतो. रेडिएटर उघडायच्या आधी हे करा.

१. जुना सेंडर चालत असेल तर फेकू नका. तो आणि नवा, दोन्ही तारेने पातेल्यात लटकवा. पितळी भाग पाण्यात, टर्मिनल (वायर जोडायचं टोक) वर कोरडं.

२. पाणी तापवत ६०, ८० आणि उकळताना (पुण्यात उकळी साधारण ९८ अंशांनाच फुटते) मल्टिमीटरने टर्मिनल ते बॉडी ओहम (विजेला होणारा रोध) मोजून लिहा. थर्मामीटर स्वयंपाकघरातला चालतो, पातेलं मात्र घरच्यांना विचारून घ्या.

३. या सेंडरचा रोध तापल्यावर कमी होतो. म्हणून नव्याचे ओहम कमी भरले तर काटा जास्त दाखवणार. ८० अंशांवरचा फरक जेवढा, तेवढ्या ओहमचा दोन-तीन वॅटचा रेझिस्टर सेंडरच्या वायरीत सिरीजमध्ये जोडा. वीस-पंचवीस रुपयांत भागतं. नव्याचे ओहम जास्त असतील तर सरळ परत करा.

सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. अर्थिंग तिथूनच मिळतं. ते कमी झालं की चांगला सेंडरही चुकीचं दाखवतो.