मिरची काळी पडली? झाड उपटायच्या आधी एवढं बघा

मुलुंडला आमच्या घराला पश्चिमेकडे ग्रिल आहे. त्यात बारा कुंड्या, दोन ग्रो बॅग आणि मासळीवालीकडून आणलेला एक थर्माकोलचा खोका (पहिले पंधरा दिवस वास येतो, मग जातो). पाच वर्षांपूर्वी इथल्या एका मिरचीला काळ्या-जांभळ्या मिरच्या लागल्या. बुरशी असणार म्हणून मी झाड मुळासकट उपटलं. शेजारच्या कुंडीतही तेच होतं, पण तेवढ्यात जेवायची हाक आली आणि ते झाड वाचलं. तीन आठवड्यांनी त्याच्या मिरच्या लालभडक.

तो काळेपणा होता अँथोसायनिनचा. जांभूळ, कोकम आणि वांग्याच्या सालीत असतं तेच रंगद्रव्य. कडक ऊन लागलं की काही जातींच्या मिरच्या ते सालीत तयार करतात आणि पिकताना ते ओसरतं. म्हणजे मी एक धडधाकट झाड मारलं होतं. त्यानंतर मी एक क्रम ठरवला. फळाचा रंग चुकला की त्याच क्रमाने बघायचं, आणि कात्री सगळ्यात शेवटी.

१. आधी ओल्या फडक्याने पुसा

हसू नका. मुंबईत निम्मी तक्रार इथेच मिटते. रस्त्याची काजळी, समोरच्या बांधकामाची धूळ, फवारणीचे डाग, सगळं पुसलं जातं. काळा थर चिकट लागला तर पानं उलटून बघा. मावा किंवा पिठ्या ढेकूण सापडेल. ते गोड चिकटा सोडतात आणि त्यावर काळी बुरशी चढते. फळ धुऊन खा, उपाय किडीवर करा: साबणाच्या पाण्याचा हलका फवारा, संध्याकाळी, दोन-तीन दिवसांआड.

२. रंग नेमका कुठे बदललाय?

फळ हातात घ्या आणि ते झाडावर असताना त्याची कोणती बाजू कुठे होती ते आठवा.

उन्हाकडच्या बाजूला पांढरट, कागदासारखा चट्टा म्हणजे ऊन लागून साल भाजली. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीला हे हमखास होतं, विशेषतः पानं जास्त छाटली असतील तर. तेवढा भाग कापून बाकीचं वापरा आणि दुपारी जुनी ओढणी बांधा. पत्री शेडपेक्षा ती बरी, हवा खेळते.

टोमॅटोच्या बुडाला चामड्यासारखा काळा डाग पडला तर तो रोग नव्हे. वाढत्या फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नसतं, आणि मातीत ते असूनही पोचत नाही, कारण ते पाण्याबरोबरच वर चढतं. मे महिन्यात चार दिवस गावी गेलात, कुंडी खडखडीत वाळली आणि परत आल्यावर बादलीभर पाणी ओतलंत की हा डाग ठरलेला. अंड्याची टरफलं चुरून घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो. घाला, पण ती कुजायला महिनेच्या महिने लागतात, या खेपेच्या फळांना त्यांचा उपयोग नाही. उपयोग होतो रोज सारखं पाणी आणि मातीवर सुक्या पानांचा थर यांचा.

वांग्याचा देठाखालचा मुकुट उचलून बघा, खाली पांढरं असतं. बऱ्याच जातींत जांभळा रंग प्रकाशाशिवाय धरतच नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही तेव्हा ग्रिलच्या आतल्या अंगाची वांगी फिकट राहतात. चवीला काही बिघडत नाही. सगळं वांगं पिवळं-तांबूस झालं असेल तर मात्र ते जून झालंय. बी कडक आणि गर कडवट निघेल, भरीत विसरा.

३. कॅलेंडर बघा

टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा. साधारण ३० ते ३२ अंशांच्या वर हे लायकोपीन बनणं मंदावतं, थांबतंही. पिवळी-केशरी कॅरोटीन मात्र बनत राहतात. आणि उन्हातलं फळ भोवतालच्या हवेपेक्षा बरंच जास्त तापतं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हीटमध्ये आपले टोमॅटो केशरी राहतात ते यामुळे. फळाने जरा रंग धरला की तोडा आणि घरात गार, सावलीच्या जागी ठेवा, लाली पुष्कळच येते. फ्रिजमध्ये टाकू नका, थंडीत पिकणंच अडतं. फक्त देठाकडची बाजू हिरवी-पिवळी आणि टणक राहत असेल तर उष्णतेबरोबर पोटॅशियमची कमतरताही असू शकते. मग खतात पोटॅश वाढवा.

संत्र्या-मोसंब्यांचं गणित उलटं आहे. त्यांची साल पिवळी-केशरी व्हायला रात्री थंड लागतात. मुंबईत त्या कुठून येणार? सोसायटीच्या आवारातली मोसंबी हिरवीच पिकते, ती रंगावर न जाता एक कापून ओळखायची.

लाल माठ सावलीत हिरवा पडतो, त्याला उन्हात सरकवा, एवढंच.

४. कापा, आणि इथे मात्र सावध राहा

आतापर्यंतचं बहुतेक सगळं खाण्याजोगं होतं. दोन गोष्टी नाहीत.

हिरवा बटाटा. ग्रो बॅगमधली माती खचली आणि बटाटा उघडा पडला की तो हिरवा होतो. हिरवेपणा हरितद्रव्याचा असतो, निरुपद्रवी, पण त्याच उजेडात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यंही वाढतात आणि ती शिजवून जात नाहीत. थोडी हिरवी कड असेल तर जाडसर कापून टाका. बराच हिरवा किंवा कडू असेल तर अख्खा बटाटा टाका. गाजराचा वरचा भाग हिरवा झाला तर घाबरायचं कारण नाही, थोडा कडवट लागतो इतकंच. दोन्हींना उपाय एकच: माती चढवत राहा.

दुसरी गोष्ट कडू दुधी. कडू काकडीही त्यातलीच. इथे रंग काहीच सांगत नाही, छान पोपटी दुधीही कडू निघतो. शिजवायच्या आधी लहानसा तुकडा जिभेला लावा, कडू लागला की थुंका आणि सगळा दुधी फेकून द्या. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत आणि तो पिऊ नये असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीनेही सांगितलं आहे. उलट्या किंवा जुलाब झाले तर तडक डॉक्टरकडे. (कारलं पिकून केशरी झालं तर नुसतं बी धरा. आत लाल गरातलं बी मिळेल.)

५. मग पानं बघा

फळाबरोबर पानंही बिघडली असतील तर विषाणूची शंका घ्या. भेंडीचा हळद्या ओळखायला सोपा: पानांच्या शिरांचं पिवळं जाळं, आणि भेंड्या फिकट पिवळ्या-पांढुरक्या, चिवट. तो पांढरी माशी पसरवते. झाडांचे विषाणू माणसाला होत नाहीत, त्यामुळे कोवळी भेंडी खाल्ली तर चालते. पण झाडावर औषध नाही. ते उपटा, लगेच पिशवीत घालून तोंड बांधा, नाहीतर माश्या शेजारच्या कुंडीत जातात. पुढच्या वेळी परभणी क्रांतीसारखं, या रोगाला दाद न देण्यासाठी काढलेलं वाण लावा. आवारातल्या पपईवर गोल गोल कडी उमटली तर तोही विषाणूच, तिथे पसरवणारा मावा.

६. बी ठेवताना

‘शेजारच्या पिवळ्या टोमॅटोचा पराग आला म्हणून माझा बदलला’ हे दर महिन्याला कोणीतरी सांगतं. तसं होत नाही. फळाची साल आणि गर आईच्या झाडाचे असतात, संकर आतल्या बियांत लपतो आणि त्या पेरल्यावरच दिसतो. मक्याचं तेवढं वेगळं, कारण तिथे आपण दाणा म्हणजे बीच खातो. संकरित बियाण्याच्या फळातलं बी पेरलंत तर मात्र कोणता रंग निघेल याचा भरवसा नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंना माझे केशरी टोमॅटो फार आवडले. ‘हे वेगळं वाण दिसतंय, बी दे.’ मी उन्हाचं सगळं समजावून सांगितलं, त्यांना ते पटलं नाही, शेवटी दिलं. त्यांनी सप्टेंबरात पेरलं आणि जानेवारीत लालबुंद टोमॅटो आले. लिफ्टमध्ये भेटल्या की अजून म्हणतात, चांगलं बी तू स्वतःकडेच ठेवलंस.