पतधोरणाचा परिणाम मांडताना या चुका टाळा

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणावरील टिपणे तपासताना बहुतेकांत एकच साखळी आढळते: रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, घटला, म्हणून कर्ज स्वस्त झाले, म्हणून गुंतवणूक वाढेल. यातला पहिला ‘म्हणून’च बहुधा कच्चा असतो.

2019 साली एका हुशार पण उतावळ्या विश्लेषकाने लघुउद्योगांच्या गुंतवणुकीचा अंदाज तपासायला आणला. फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात रेपो दर 1.10 टक्क्यांनी उतरला होता आणि तेवढीच घट त्याने उद्योजकाच्या व्याजातून वजा केली होती. प्रत्यक्षात त्या काळात बँकांच्या नव्या कर्जांचा सरासरी दर 0.29 टक्क्यानेच उतरला होता, तर जुन्या कर्जांचा 0.07 टक्क्याने चढला होता. तेवढीच घट का धरली, असे विचारता, आपल्या प्रतिमानात (गणिती मॉडेलमध्ये) एकच व्याजदर आहे, असे उत्तर मिळाले. बँकांच्या ठेवी जुन्या, चढ्या दराने बांधलेल्या होत्या, बुडीत कर्जांचा भार उतरलेला नव्हता, आणि सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत क्षेत्रातील बड्या वित्त समूहाची देणी थकल्यापासून बँकेतर वित्त कंपन्यांना पैसा उभा करणे अवघड झाले होते. यातील एकही गोष्ट त्या टिपणात नव्हती. अंदाज अर्थातच फसला. मी स्वतः रेपोचा आकडा शेवटी पाहतो. आधी नव्या आणि जुन्या कर्जांच्या दरांचे स्तंभ शेजारी मांडतो. 1 ऑक्टोबर 2019 पासून घरे, वाहने आणि सूक्ष्म-लघु उद्योगांची नवी बदलत्या दराची बँककर्जे बाह्य मानदंडाशी, म्हणजे रेपोसारख्या बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी, जोडली गेली; म्हणून त्याआधीची आणि नंतरची वर्षे एकाच समीकरणात कोंबू नयेत.

दुसरी चूक अधिक मूलभूत आहे. दर परवडला की कर्ज मिळतेच, असे गृहीत धरले जाते. स्टिग्लिट्झ आणि वाइस या अर्थशास्त्रज्ञांनी 1981 मध्येच दाखवले की कर्जदाराची जोखीम बँकेला नीट ओळखता येत नसेल, तर जादा व्याज घेण्यापेक्षा काही अर्ज नाकारणेच तिला सोयीचे ठरते. मंदीत तारणाची किंमत घसरली की नकार वाढतात आणि मंदी आणखी खोल जाते. त्यामुळे दराबरोबर कर्जवाटपाची रक्कमही पाहावी.

नाममात्र, म्हणजे जाहीर झालेल्या, व्याजदरातून अपेक्षित महागाई वजा न करता धोरण ‘सैल’ किंवा ‘कडक’ ठरवू नये.

दरवाढीचा परिणाम त्याच तिमाहीत शोधू नये.

शेवटच्या काही तिमाहींची उत्पादन-तफावत (प्रत्यक्ष आणि संभाव्य उत्पादनातला फरक) गाळणीने, म्हणजे आकड्यांतून दीर्घकालीन कल वेगळा करणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने, काढली असेल, तर नवे आकडे येताच ती बदलते. तिच्यावर इमारत उभारू नये.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 दरम्यान रेपो दर 4 वरून 6.50 टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेक गृहकर्जांत हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली गेली. अशा कुटुंबाचा महिन्याचा खर्च व्याजवाढीच्या प्रमाणात घटला असे लिहिण्यापूर्वी, वाढ हप्त्यात गेली की मुदतीत, हे विचारून घ्यावे.